मामा-भाचे एका नावेत

पौष आला की आदिलाबादात धुकं पडत नाही, मुक्कामाला येतं. सकाळी दवाखान्याचं शटर उचलावं तर आत आधी धुकं शिरतं, त्याच्या मागून मी, आणि माझ्या मागून गालाला रुमाल बांधलेला पहिला पेशंट. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे गेलेल्या असतात. रस्त्याकडेच्या बाभळींना त्यांनी सोडलेले पुंजके लटकत असतात, आणि कापूस कुठं संपला, धुकं कुठं लागलं, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. मी हात लावत नाही. धुक्यात दिसेल त्या गोष्टीला हात लावू नये, एवढी अक्कल मला एका थंडीत आली. बाकीची अजून यायची आहे.

यंदाही ते आलं, आणि आल्या आल्या उजव्या मनगटाला जुनी खाज सुटली. कपाटावरची गळाची काठी खाली काढली. रीळ फिरवून पाहिलं, अजून रातकिड्यासारखं किरकिरतं. कापडी पिशवी उघडली तर वास आला. ओल्या लोकरीचा, शेवाळाचा, आणि कुठल्या तरी बंद स्वयंपाकघरातल्या विझलेल्या चुलीचा. हा शेवटचा वास मासे धरायच्या पिशवीत कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण तोंडी सांगू लागलो की लोक माझ्याकडे, मी दाढेच्या पेशंटकडे पाहतो तसं पाहतात. म्हणून लिहून टाकतो.

मी दातांचा डॉक्टर. ओढणं हा धंदा आणि उतावीळपणा हा स्वभाव. दाढेच्या बाबतीत दोन्ही खपून जातं, माशाच्या बाबतीत नाही. हे मला हिमाचलातल्या एका उंचावरच्या तळ्याकाठी कळलं. तिथं ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा धरायला माणसं गाईड घेऊन जातात. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळाला पिसं आणि केस गुंडाळून एक खोटी माशी करायची, लांब दोर हवेत मागं-पुढं झुलवायचा, आणि ती माशी पाण्यावर अशी ठेवायची, की आपसूक पडली असं माशाला वाटावं. माझी पहिली माशी माझ्याच कानात पडली. दुसरी गाईडच्या टोपीत. तिसऱ्या वेळी मागं चरणारी मेंढी लागली, आणि खरं सांगतो, तेवढा जोरदार झटका मला पुढं कुठल्याच माशानं दिला नाही. गाईड टोपीतून गळ सोडवता सोडवता म्हणाला, "साहब, आप खींचते बहुत हैं. खींचना नहीं. डोर बस सीधी रखो. जो आनेवाला है, वो खुद आएगा."

दुपारी एक बोटभर ट्राउट माझ्या माशीला लागला. गाईडनं तो ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात सोडायला लावला. तो निघून गेला तेव्हा मी बराच वेळ त्याच्या मागं बघत राहिलो. पाणी इतकं नितळ होतं की तो दिसेनासा व्हायलाच तयार नव्हता. खाली गोटे, वर आभाळ, मध्ये तो. त्या पाण्यात कधी कुणी राहिलेलं नव्हतं.

आमच्या पाण्याचं तसं नाही.

बाजारहत्नूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत आमचं धरण आहे. त्याला सगळे 'प्राजेक' म्हणतात. मी शाळेत होतो तेव्हा ते भरलं आणि माझ्या मामांचं गाव त्याखाली गेलं. माणसं वर टेकाडावर नव्या वस्तीत आली. कवळीतल्या दातांसारखी एकसारखी, एका ओळीत बसवलेली घरं. जुन्या गावाची खूण म्हणून पाण्यावर उरला तो मामांच्या अंगणातल्या चिंचेचा वाळका शेंडा. त्यावर पाणकावळा पंख पसरून बसतो. लांबून वाटतं, कुणी तरी काळं धोतर वाळत घातलंय.

ट्राउट आमच्याकडे जगायचा नाही, उन्हाळ्यात पाण्यातच शिजेल. पण मरळ आहे, चांगली हातभर, रागीट. हिमाचलातून परतल्यावर मला वाटलं, डोंगर आहे, तळं आहे, गाईड मी आहेच. एक पाटी रंगवून घेतली, 'मार्गदर्शनासह मासेमारी'. रविवारी हैदराबादची पाहुणे मंडळी यायला लागली. माशा मी स्वतः बांधायचो, पेशंटच्या खुर्चीवरच्या दिव्याखाली. कोंबड्याची पिसं, दातांच्या फटी साफ करायचा मेणाचा दोरा, बारीक चिमटे, आणि मामांच्या विटकरी स्वेटरच्या कोपरातून सुटलेली लोकर. मरळीला ती लोकर काय आवडायची! पांढरी लावली तर ढुंकून बघायची नाही. विटकरी माशी पाण्याला टेकायचा अवकाश, की खालून कुणी तरी हात वर करावा तशी यायची.

बोट लिंगन्नाची. धरण झाल्यापासून याच काठावर मासे धरून जगलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं नियम सांगितला.

"सार, बुडल्या वस्तीवर जाळं टाकत नाई आमी."

"काऊन?"

"मानसं राह्यत होती ना थितं. जाळ्यात काय, सगळेच येतात."

"आणि गळ?"

त्यानं विडी विझवून विचार केला. "गळ म्हंजे दार वाजवल्यावानी. हाक मारून टाका."

मला ते फार आवडलं. पाहुण्यांना सांगायला बरं. आणि मासेही नेमके तिथंच होते. पडक्या भिंतींच्या आडोशाला, कोनाड्यांत, चुलींत. प्रश्न एवढाच, की वर सपाट पाणी असताना खाली कुणाचं घर आहे हे कळावं कसं आणि हाक मारावी कुणाला?

त्याच सुमारास मामा जमिनीवर हरवायला लागले होते.

जुन्या गावात त्यांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक पायरीवर यायच्या आत चहापत्ती की साखर हे ओळखणारा माणूस. आता नव्या वस्तीत फिरायला निघाले की भलत्याच घरात जाऊन बसत. घरं सारखीच, त्यांचाही काय दोष. शेजारणीनं एकदा आदरानं जेवू घातलं, तर हे मामीकडे येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या शेजारी माही बायको राह्यते. आज वरनात मीठ कमी टाकलं तिनं." मामी ते सांगताना हसली. हसता हसता पदर डोळ्यांपर्यंत नेला आणि तिथंच ठेवला.

हवापालट म्हणून एका रविवारी मी त्यांना बोटीवर नेलं. चिंचेचा शेंडा जवळ आला तशी त्यांची पाठ सरळ झाली.

"डावीकडं घे," ते लिंगन्नाला म्हणाले. "ही सुताराची गल्ली. हयू. कोपऱ्यावर नाली हाय."

लिंगन्नानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं वल्हं आडवं धरलं आणि त्या अथांग पाण्यात बोटीनं नाली टाळली.

तेव्हापासून गाईड मामा, मी नावाचा. ते पुढं बसायचे आणि दारापुढं बोट आली की हाक मारायचे, "नारायना, येऊन राह्यलो जी!" मग थांबायचे. समोरच्यानं उत्तर द्यायला जेवढं थांबावं तेवढंच. मान हलवायचे, आणि मला म्हणायचे, "टाक. थो वावरात गेला हाय, बायको म्हन्ते." मी माशी टाकायचो, मरळ यायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे. कधी मामा हात आडवा करायचे, "इथं नोको. आज त्यायच्याकडं बरं नाई." मी पाहुण्यांकडं बघून डोळा मिचकावायचो. पण तिथं दोर टाकायचो नाही. डोळा मिचकावायला काय लागतं.

खरी गोष्ट अशी, की पाण्यावरून उतरल्यावर दोन-तीन दिवस मामा ठीक असायचे. मामीला नावानं हाक मारायचे, भाजीवरून भांडायचे. मग हळूहळू पुन्हा विरळ व्हायचे. मामीनं मला सांगितलं होतं, "रविवारी तू थो आनून देते ना, थो माहा मानूस असते. बुधवारपासून पाहुना. म्हनून धाडते मी त्याले पान्यावर, नाई त मले काय पान्याची हौस हाय?" निघताना ती त्यांच्या स्वेटरची बटणं लावायची आणि मला दटावायची, "नेला तसा आनून देजो." परत आलो की उसनं दिलेलं भांडं बायका उलटंपालटं करून पाहतात, तशी ती त्यांना पाहायची.

अडचण एकच होती, आणि ती पहिल्या रविवारी निघण्याआधीच उभी राहिली होती. मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये. हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. का बसू नये, हेही कुणी सांगत नाही, आणि भीती तिथंच असते. मामी या बाबतीत ऐकेना. मग मी तोड काढली. ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब फुगवून ती दोरानं बोटीच्या मागं बांधली. बोटीत मामा, पाहुणे आणि लिंगन्ना. मागं ट्यूबमध्ये फसकल मारून, गुडघ्यांपर्यंत पाय पाण्यात सोडून, हातात काठी घेतलेला मी. शास्त्र सांभाळलं. इज्जत गेली. पाहुण्यांच्या फोटोंत मी कढईत तरंगणाऱ्या वड्यासारखा दिसतो.

ट्यूब रिकामी असली की पाण्यावर टणाटण उडत येते, दोर ढिला लोंबतो. मी बसलो की दोर ताठ, आणि वल्हवणारा लिंगन्ना मागं न बघता दर वेळी ओरडायचा, "सार, रात्रीचं जेवन कमी करा!"

मी हसायचो. पण माझे पाय गल्लीत लोंबत असायचे. कधी तरी तळव्याला काही तरी पुसटसं लागून जाई. शेवाळ, मी स्वतःला सांगायचो. एकदा ते अंगठ्याला धरून क्षणभर थांबलं. लहान मूल पंगतीत बसलेल्या माणसाचा अंगठा धरतं, तसं. शेवाळच, मी म्हणालो, आणि पाय वर घेतले.

आणि मग ती सकाळ. लिंगन्ना मुधोळला सोयरिकीच्या बैठकीला गेलेला. पाहुणे धुकं बघून वाटेतूनच परतलेले. ट्यूब रात्रीतून हवा जाऊन काठावर मेलेल्या रेड्यासारखी पडलेली. शहाणा माणूस घरी गेला असता. पण मामा बोटीत जाऊन बसलेही होते आणि त्या आठवड्यात ते फारच विरळ झाले होते. मामीनं बटणं लावताना त्यांनी तिला "धन्यवाद" म्हटलं होतं. आमच्याकडे नवरा बायकोला धन्यवाद म्हणाला, की समजावं, काही तरी संपत आलंय.

"चाल ना बे," मामा म्हणाले.

मी इकडं-तिकडं पाहिलं. धुक्यात कोण बघतंय? देवालाही दहा हातांपलीकडचं दिसलं नसतं. चढलो. एका नावेत.

वल्हं मारण्यात मी दाढ काढण्याइतका तरबेज नाही. थोड्या वेळात काठ गेला, मग दिशा गेली. वर, खाली, चहूकडे तोच एक पांढरा. बोट पाण्यावर आहे की धुक्यात लटकली आहे, हे वल्हं बुडेपर्यंत सांगता येईना. मामांना मात्र काही अडचण नव्हती. "सरळ. आता उजवीकडं. देऊळ आलं, चपला काढ." मी काढल्या. पायांखाली बोटीचा पत्रा थंडगार, आणि त्याखाली, अगदी खाली, काही तरी घासल्याचा आवाज. एका लयीत. कुणी अंगण झाडत असावं तसा. कोंबडा आरवला. टेकाडावरच्या वस्तीतला, मी म्हणालो. पण टेकाड मागं होतं आणि कोंबडा पुढं. मग चुलीच्या धुराचा वास आला. ओल्या तुराट्यांचा, डोळ्यांत जाणारा. धुक्याला असा वास नसतो.

चिंचेचा शेंडा एकदम समोर आला, हात लांबवला तर लागेल इतका. पाणकावळा नव्हता. मामा पुढं बसलेले. पाठमोरे, मान जराशी कललेली, आतल्या खोलीतलं बोलणं ऐकतात तशी.

मला भीती वाटली की मी विनोद करतो. दवाखान्यातही करतो, पेशंट वैतागतात. मी घसा खाकरला आणि नियमाप्रमाणं दणदणीत हाक दिली, "मामा, हाय का घरी?"

"हाव, हाव. ये ना. उघडंच हाय."

आवाज मामांचा. त्यांचे ओठ मला दिसत नव्हते.

"थांब," मामा म्हणाले आणि उठून उभे राहिले. "कडी काढतो."

उघडंच आहे म्हणणारा माणूस कडी काढायला कशाला उठेल? हा प्रश्न मला काठाला लागल्यावर पडला. तेव्हा एवढंच दिसलं, की त्यांनी उजवा पाय उचलला आणि बोटीच्या काठापलीकडं, उंबरठा ओलांडावा तसा, सावकाश पुढं केला.

दुसरा कुणी असता तर झेप घेऊन धरलं असतं. मी माशी फेकली. हातात काठी होती आणि हाताला दुसरं काही येत नव्हतं. माझ्या आयुष्यातली एकमेव बिनचूक फेक. विटकरी लोकरीची माशी विटकरी स्वेटरच्या पाठीत जाऊन बसली. दोर ताठ झाला. टोकाचा दोरा केसाएवढा. ओढला असता तर तुटला असता. माझ्या दोन्ही हातांत ओढण्याची सगळी विद्या दाटून आली होती. खींचना नहीं. मी दोर फक्त सरळ धरून राहिलो.

"मामा," मी म्हणालो, आणि हा माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मामीनं भाकर टाकली असंल."

ते एका पायावर उभे. बोट हलली नाही. आणि दोर थरथरू लागला. मामा तर दगडासारखे निश्चल होते. मासा गिळण्याआधी माशी तोंडात धरून पाहतो, तशी ती थरथर होती. दोनदा आली. मग गेली.

"येतो," मामा म्हणाले. मला नाही. पाय आत घेतला आणि बसले. दोर ढिला पडला.

"आता कुठं वळू, मामा?"

त्यांनी चहूकडे पाहिलं. "मले काय म्हाइत? पानीच पानी हाय."

काठावर मामी ताट बडवत होती, त्या आवाजावर आम्ही परत आलो. वाटेत मामा एकदाच बोलले, अगदी साध्या सुरात. "कडी काढाले गेलो, त कोनं तरी आतूनच काढली. चेहरा नाई पाह्यला. हात माह्यासारखाच होता."

मामीनं त्यांना उतरवून घेतलं. स्वेटरच्या पाठीचं भोक पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हा कोन आनला रे?" ती हसत म्हणाली. हसत म्हणाली, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्यानंतर मामा हरवले नाहीत. हरवायला कुठं तरी जावं लागतं. ते ओट्यावर बसतात, दिलं तेवढं जेवतात, सगळ्यांना जी लावून बोलतात. मी त्यांना पाण्यावर पुन्हा नेऊन पाहिलं. एस.टी.त बसतात तसे बसून राहिले. रविवार आणि बुधवार मामीला सारखेच झाले. तिनं तक्रार केली नाही. स्वेटरचं भोक मात्र शिवलं नाही. "राहू दे," म्हणाली. "वाट राहू दे."

परवा काठी घेऊन वस्तीत गेलो. धुक्यातून ओटा दिसला, ओट्यावर विटकरी स्वेटर. सवयीनं फाटकातूनच हाक गेली, "मामा, हाय का घरी?"

त्यांनी मान वर केली. अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अदबीनं म्हणाले, "नाई जी. थे जुन्या गावाले गेले. तिकडंच भेटतील."

मामी सुपात तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"आयकलं?" ती म्हणाली. "मंग जा. आन."

मी काठावर गेलो. लिंगन्ना बोट सोडत होता. म्हणालो, ट्यूब फुगव, मागं बांध.

"ट्यूब काऊन सार? तुमी एकटेच ना? बसा ना बोटीत."

"मी बोटीतच बसतो. तू बांध."

त्यानं बांधली. तो पुढं वल्हं घेऊन, मी त्याच्या पाठीमागं. ट्यूब रिकामी, धुक्यात टणाटण उडत येत होती. चिंचेपाशी बोट थांबवली. विटकरी माशी पाण्यावर ठेवली, हाक मारली आणि थांबलो. मामा थांबायचे तेवढंच. उत्तर आलं नाही. पाण्यावर एक वलय उठलं आणि दारासारखं आत मिटलं. मी ओढलं नाही. दोर गुंडाळला आणि लिंगन्नाला म्हणालो, चल.

गल्ली संपली असावी तिथं वल्ह्याचा ताल बदलला. लिंगन्नाला धाप लागली. मागं न बघता, सवयीनं, तो ओरडला, "सार, रात्रीचं जेवन कमी करा!"

मी त्याच्या पाठीशीच बसलो होतो. माझ्या कुशीजवळून मागं गेलेल्या दोराला हात लावून पाहिला. ताठ होता.

बोट काठाला लागली. लिंगन्ना उतरला, मी उतरलो. मागं वळून न बघता मी हात मागं केला आणि म्हणालो, "मामा, सांभायून उतरा जी. गोटे वले हायेत."